उपासाआधीचं जेवण

लार्झाकचं पठार
२० फेब्रुवारी १९७२

लेओन्स,

पाकिटावरचं अक्षर ओळखून पत्र चुलीत टाकायचा विचार असेल तर थांब. आधी वाच, मग खुशाल टाक. बाबांनी लिहायला सांगितलेलं नाही, त्यांना हे ठाऊकही नाही. ते मेंढवाड्यात धारा काढतायत आणि माझा नवरा बादल्या घेऊन त्यांच्या मागे मागे फिरतोय. फिर्मँचा जन्म बाबांच्या मागे फिरण्यात जाणार, हे मी लग्नातच ओळखलं होतं.

यंदा कोकरं भरपूर झाली. दूधही चांगलं निघतंय. थंडी मेली हटत नाही.

तुमच्या साहेबांना आमचं पठार हवंय, हे तुला तिकडे जर्मनीतल्या छावणीतही कळलं असेलच. इथली छावणी वाढवायची म्हणे. नवा नकाशा मी पाहिला. आपलं घर, शेजारच्या पूजोलचं घर, तळं आणि आई जिथे झोपली आहे ती जागा, सगळं तोफांच्या सरावासाठी. आम्ही शेतकऱ्यांनी मिळून शब्द दिलाय की कुणीही जमीन विकायची नाही. बाबांनी सही इतक्या जोरात केली की कागद फाटला.

तू मध्ये पडावंस म्हणून हे लिहीत नाही. एका सार्जंटचं कोण ऐकतंय! तुझ्यावर रागही नाही. खोटं कशाला बोलू, थोडा आहे. पण तो तुझ्या गणवेशाचा नाही. आईच्या दफनाच्या वेळी चर्चमध्ये मागच्या खांबाआड उभा राहिलास आणि मला न भेटताच निघून गेलास, त्याचा आहे. बाबा तुझ्याशी बोलत नाहीत, मी कधी बोलायची थांबले होते रे?

असो. खरी गंमत सांगायची राहिली. आमच्याकडे आता एक बाई येतात, व्हेर्दियेबाई. खाली मियो गावात राहतात, पेशाने नर्स. तरुणपणी हिंदुस्थानात गेल्या आणि वर्धा नावाच्या गावाजवळ दवाखान्यात कितीतरी वर्षं राहिल्या, गांधींच्या आश्रमातल्या माणसांत. अजून हातानं कातलेलं जाडंभरडं नेसतात, आणि येताना पेटीएवढा चरखा बरोबर आणतात. आपल्या मेंढीची लोकर त्या चरख्यावर कातायला बसल्या तर असा गुंता झाला की पूजोलची बायको हसून हसून खुर्चीवरून पडायची बाकी राहिली. बाईही हसल्या. म्हणाल्या, "हा कापसाचा आहे, त्याला तुमची मेंढी सोसत नाही."

बाईंचं म्हणणं असं, की दगड मारू नका, ट्रॅक्टर अंगावर घालू नका, शिव्या देऊ नका. रस्त्यात बसा. उपास करा. पॅरिसहून आलेली केसाळ पोरं यावर नाकं मुरडतात, त्यांना हे फार मिळमिळीत वाटतं. आपले फादर म्हणतात, "हे तर आपल्याच धर्मात होतं, आपण विसरलो. आता हिंदुस्थानातून परत मागवावं लागतंय."

आणि बाबा? ते म्हणाले, "जेवायचं नाही म्हणजे? आमच्या घरात रुसलेली पोरं जेवत नाहीत. संध्याकाळी कान धरून बसवतो त्यांना."

बाई शांतपणे म्हणाल्या, "रुसलेल्याला वाटतं समोरच्यानं वाकावं. उपास करणाऱ्याला आधी स्वतः वाकावं लागतं."

"माझी कंबर दुखते," बाबा म्हणाले आणि निघून गेले. पण पुढच्या सभेला सगळ्यांच्या आधी जाऊन बसले होते.

उत्तर दे. नाही दिलंस तरी मी लिहिणारच आहे, मला ओळखतोसच.

तुझी,
मार्सलीन


१२ मार्च

लेओन्सा,

उत्तर नाही. बरं. सैन्यात शाई मिळत नसेल.

दहा दिवसांपूर्वी उपासाची रंगीत तालीम झाली. ईस्टर होऊन गेला की खरा उपास करायचा, बरेच दिवसांचा. त्याआधी एक दिवस करून बघू, असं बाईंनी ठरवलं. चर्चच्या मागच्या खोलीत चौघं बसले: बाबा, फिर्मँ, पूजोल आणि फादर. फिर्मँ आणि पूजोल दोन टोकांना, कारण त्यांचं बोलणं कधीपासून बंद आहे तुला माहीतच आहे. पूजोलचा एडका आपल्या कळपात शिरला होता ना, तेव्हापासून.

दुपार झाली आणि पठारावरच्या बायका एकेक करून दाराशी हजर. आपल्याकडे कुणाच्या घरी अडचण असली की रिकाम्या हातानं जातात का? पूजोलची बायको सुपाचं पातेलं घेऊन आली. तिच्यामागून कुणी पालेभाजीचे वडे, कुणी सॉसेज. मी तरी कुठली शहाणी! सकाळी उठून गोड पाव भाजून नेला होता, लोणी लावून. म्हटलं, बिचारे उपाशी बसलेत.

बाईंनी दार उघडलं, वास घेतला आणि कपाळाला हात लावला. "अहो, हे काय?"

"ते जेवत नाहीयेत ना," पूजोलची बायको म्हणाली, "म्हणून आणलं."

बाईंनी सगळ्या पातेल्यांची वरात परत पाठवली. तेवढ्यात त्यांची नजर बाकाखाली गेली. तिथे वाइनच्या दोन बाटल्या. एक संपलेली, दुसरी अर्धी.

"हे कुणाचं?"

चौघंही छताकडे बघायला लागले. फादरसुद्धा. शेवटी बाबा म्हणाले, "वाइन म्हणजे काय जेवण आहे? जेवण चावावं लागतं."

खरं सांगते, त्या चौघांनाही तसंच वाटत होतं. लबाडी नव्हती रे. जन्मभर वाइनला कुणी खाण्यात धरलंच नाही तर त्यांचा तरी काय दोष? बाई आधी रागावल्या, मग इतक्या हसल्या की डोळे पुसायला लागले.

पण संध्याकाळी त्यांनी सगळ्यांना बसवून जे सांगितलं, त्यानंतर कुणीच हसलं नाही. त्या म्हणाल्या, "पोट रिकामं ठेवणं सोपं आहे. मन आधी रिकामं करा. ज्याच्या मनात कुणा माणसाबद्दल अढी आहे, त्यानं बसू नये. भांडण सरकारच्या निर्णयाशी आहे, माणसाशी नाही. जा, ज्यांच्याशी बोलत नाही त्यांच्याशी बोलून या. मग नाव देऊ."

अरे, या पठारावर असं सांगणं म्हणजे! इथे कोण कुणाशी बोलतं? कुणाचं बांधावरून, कुणाचं कुत्र्यावरून, कुणाला आता कारणही आठवत नाही. त्या आठवड्यात जिकडे बघावं तिकडे माणसं टोपी हातात घेऊन दुसऱ्याच्या दारात उभी. फिर्मँ बगलेत बाटली मारून पूजोलकडे गेला. पूजोल म्हणाला, "त्या एडक्यापासून तुझ्या कळपाची जात सुधारली, गाढवा. तू मला पैसे द्यायला हवे होतेस." दोघं प्यायले आणि फिर्मँ घरी गात आला. कुठलं गाणं ते लिहीत नाही.

नावं द्यायच्या सभेत बाबा म्हणाले, "माझी कुणाशी अढी नाही."

सगळे आपापल्या बुटांकडे बघत बसले. बाईंनी विचारलं, "आणि तुमचा मुलगा?"

हो, मीच सांगितलं होतं त्यांना. रागाव माझ्यावर. बाबा त्यावर काय बोलले ते मी कागदावर उतरवणार नाही. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग तुम्ही बसू नका."

सत्तरीतल्या माणसाला, अख्ख्या पठारासमोर.

मार्सलीन


२४ मार्च

लेओन्स,

तालमीनंतर बाबा घरात नीट जेवेनात. सूप समोर ठेवलं की ढकलून देतात. धारा काढतात, कोकरं बघतात, पण बोलत नाहीत. शेवटी मीच तोंड उघडलं, "बाबा, हा उपास की रुसवा?" भांडं आपटून बाहेर गेले. फिर्मँ माझ्याकडे अशा नजरेनं बघत होता की जणू आता घर पडतंय.

काल धारा काढताना, मेंढीच्या पोटाशी डोकं टेकवलेलं, वर न बघता म्हणाले, "लिही त्याला. ये म्हणावं. पण साध्या कपड्यांत. तो वेष माझ्या टेबलाशी नको."

मी उड्या मारत बाईंकडे गेले. बाईंनी मान हलवली. "हे बोलावणं नव्हे. मुलगा शिपाई आहे. त्याला अर्धाच ये म्हणायचं, अर्धा दाराबाहेर काढून ठेव म्हणायचं, असं कसं?"

मला त्यांचा इतका राग आला! वाटलं, तुम्ही जा आपल्या वर्ध्याला, आमची घरं आम्ही सांभाळू. इतक्या वर्षांनी म्हातारा एक पाऊल पुढे आला, तेही तुम्हाला पुरेना? तोंडावर बोललेही. बाई म्हणाल्या, "मलाही तिथे असाच राग यायचा. तिकडच्या माणसांनीही मला अशी सूट दिली नव्हती."

घरी येऊन मी बाबांना जसंच्या तसं सांगितलं. आज सकाळी दुधाचे कॅन गाडीत चढवताना पाठमोरेच म्हणाले, "येऊ दे. कसाही येऊ दे."

तर हे बोलावणं आहे. ईस्टरनंतरचा रविवार, ९ एप्रिल. दुपारचं जेवण. टोपीपासून बुटापर्यंत सगळं घालून आलास तरी चालेल.

ये रे.

ताई


३१ मार्च

लेओन्स,

शेवटी उत्तर आलं, तेही पोस्टकार्डावर. "यात कुणाचा डाव आहे? फोटो कोण काढणार?" एवढंच! "ताई, कशी आहेस" नाही, काही नाही.

फार चिडले. मग शांत झाले, कारण तुझं अगदीच चूक नाही. पॅरिसच्या त्या पोरांतला एक आला होता मला पटवायला. गणवेशातला सार्जंट शेतकऱ्याच्या टेबलाशी बसलाय, असा फोटो म्हणे देशभर गाजेल. त्याला मी अंगण झाडायच्या खराट्यानं फाटकापर्यंत पोचवलं. "अहिंसा, मादाम, अहिंसा!" असं ओरडत पळाला. बाईंना हे सांगू नकोस. म्हणजे मी सांगितलंय, पण खराटा वगळून.

फोटो नाही. पेपरवाला नाही. मी, फिर्मँ, बाबा, आणि बाई असतील, कारण बाबांनीच त्यांना बोलावलंय. मला वाटतं, एकट्याला धीर होत नाहीये.

बाबांचं राहू दे बाजूला. मला तुला बघायचंय. तुझे केस पिकले का तेही मला माहीत नाही. सख्ख्या भावाचे केस पिकलेत का हे माहीत नसणं, ही काय रीत झाली? आई असती तर तिनं दोघांनाही बडवलं असतं.

वाट बघते.

ताई


२७ एप्रिल

माझ्या अतिशहाण्या भावा,

तू गेल्यावर पाठवलेलं पत्र मिळालं. उत्तराला उशीर केला, कारण इथे उपास चालू होता आणि घरचं सगळं माझ्यावर होतं. पूजोल या खेपेला बसला नव्हता, तो दोन्ही वेळा येऊन आपल्या मेंढ्यांच्या धारा काढून द्यायचा. त्याची बायको म्हणते, स्वतःच्या घरी एवढा राबला असता तर बरं झालं असतं.

तू लिहिलंस, "म्हाताऱ्याला उपासाचं तिकीट हवं होतं, मी ते कापून दिलं. 'पाव घे' यापलीकडे एक शब्द बोलला नाही. जेवण झाल्यावरही शिक्षा केलेल्या पोरासारखं बसवून ठेवलं, मेंढ्या ओरडायला लागल्या तरी. शेवटी मीच उठलो. आता परत बोलावू नका."

वाचून आधी रडले. मग वाटलं, हा असता समोर तर एक ठेवून दिली असती.

तू सगळा वेळ ताटात बघत होतास. मी बाबांकडे बघत होते. जेवण संपलं, चीज झालं, कॉफी झाली. बाईंना आपली रीत माहीत नव्हती, त्या उठायला लागल्या, तेव्हा मी त्यांचा हात धरून खाली बसवलं ते तुला दिसलं का? मी कानात सांगितलं, "बाबांचा घडीचा चाकू अजून उघडा आहे. ते चाकू मिटतात तेव्हा जेवण संपतं. तोवर कुणी उठायचं नसतं." बाई बसल्या. आणि बाबा बसले, चाकू ताटाशेजारी उघडा ठेवून. हात मांडीवर. फिर्मँ घड्याळाकडे बघत होता, मेंढ्यांच्या धारेची वेळ टळून गेली. बाबांनी जन्मात कधी मेंढीला ताटकळत ठेवलंय? आईचं दफन होतं त्या दिवशीसुद्धा वेळेवर धारा काढल्या होत्या त्यांनी.

तू सैन्यात जायची सही करून आलास, त्या दुपारी काय झालं होतं आठवतं ना? सूप गरम होतं आणि बाबांनी खाट्कन चाकू मिटला. सगळे उपाशी उठलो. तू उठलास तो गेलासच.

अरे गाढवा, या खेपेला त्यांना चाकू मिटवत नव्हता. जेवण संपलं की तू जाणार. "थांब" हा शब्द त्या माणसाच्या तोंडून कधी निघालाय? आईला म्हणाले असतील तर देव जाणे. मग त्यांना जे येतं ते त्यांनी केलं. तुला वाटलं शिक्षा. आणि तुझी तरी काय चूक, मलाही ते तू दाराबाहेर पडल्यावर कळलं. बसच्या रस्त्यावर तू दिसेनासा झालास, मी आत आले तर ते तसेच बसलेले, चाकू उघडाच. बाईंनी विचारलं, "मिटलं का भांडण?" बाबा म्हणाले, "माहीत नाही." बाई म्हणाल्या, "बसा उपासाला."

बसले. या वेळी बाकाखाली काही नव्हतं, मी स्वतः वाकून बघितलं. पहिले दिवस कुरकुरले, पाणी म्हणजे काय माणसाचं पेय आहे का, वगैरे. फिर्मँ चौथ्या दिवशीच चक्कर येऊन पडला, त्याला घरी आणलं. बाबा टिकले. बाई रोज नाडी बघायच्या. मला सांगायच्या ठीक आहे, पण त्यांचा चेहरा तसं सांगत नव्हता. माझा जीव किती टांगणीला लागला होता ते तुला कळवलं नाही, कारण मग तू बाबांसाठी आलास की भीतीपोटी, हे मला कधीच कळलं नसतं. काल उपास सोडला. पूजोलच्या बायकोनं पातेलंभर सूप आणलं, या वेळी बाईंनी दार स्वतः उघडून दिलं. बाबांना चमचा धरवत नव्हता, मी भरवलं. मोठ्या मिजाशीत जेवले.

जमिनीचं काय होणार कुणालाच माहीत नाही. सरकारकडून एक शब्द नाही.

पण जे सांगायला हे पत्र लिहितेय ते आता सांगते. शेवटच्या दिवसांत पॅरिसहून एक पेपरवाला आला. चांगला होता, तरुण. बाबांजवळ गुडघ्यांवर बसला आणि विचारलं, "आजोबा, या वयात लष्कराविरुद्ध उपास?"

बाबांचा आवाज अगदी खोल गेला होता. म्हणाले, "विरुद्ध कुठे? लष्करात माझा मुलगा आहे."

आणि पुढे म्हणाले, "उद्या आम्हाला घराबाहेर काढायचा हुकूम निघेल. तो कुणाला तरी पाळावा लागेल. माझ्या पोराला पाळावा लागू नये, म्हणून बसलोय."

"आणि त्यालाच पाठवलं तर?"

बाबांनी डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली. मग म्हणाले, "तर दार मी आतून उघडेन. त्याला तोडायला लावणार नाही."

मी दाराशी उभी होते, त्यांना दिसत नव्हते. असलं काही ते मला सांगणार नाहीत, आणि तुला तर मेले तरी नाही. परक्या पोराला सांगितलं. तुला कात्रण पाठवावं म्हणून मी फिर्मँला मियोला धाडून पेपर आणवला. पेपरात त्यातलं अक्षरही नाही, नुसता एका मेंढीचा फोटो छापलाय. म्हणून मी लिहितेय.

तुझी,
ताई